रुखवतातलं तोरण: क्रोशाची सुई आपल्या खोऱ्यात कशी आली

  भात काढून झालंय, झोडपणी उरकलीय, दुपारी थोडी सवड मिळतेय. म्हणजे पिशवीतनं लोकरीचा गुंडा आणि सुई बाहेर निघायचे दिवस आले. आज बोलायचंय ते त्या सुईबद्दलच. ती आपल्याकडे आली कुठून, कोणी आणली, आणि दारावरच्या तोरणाला, बाळाच्या टोपडयाला, रेडिओवरच्या रुमालाला आपण ‘टाइमपास’ म्हणतो ते कितपत खरं, ते बघू.

आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटतं की हे विणकाम आजी-पणजीच्या आधीपासूनचं, अगदी शिवाजी महाराजांच्या काळापासूनचं असेल. तसं नाही. दोन सुयांचं विणकाम आणि क्रोशा, दोन्ही आपल्याकडे बाहेरून आली, आणि फार जुनी गोष्ट नाही ती. आपल्या मातीतलं जे होतं ते वेगळं होतं. जुन्या लुगड्यांची गोधडी होती. धनगराच्या मेंढीची लोकर कातरून, पिंजून, हातानं सूत काढून मागावर विणलेलं घोंगडं होतं. त्या सुताला चिंचोक्याची खळ लावायची, म्हणजे घोंगडं कडक होतं आणि पाऊस अंगात शिरत नाही. सूत काढायचं काम बहुतेक बायांचं, मागावर बसायचे सनगर पुरुष. पावसात डोक्यावर बांबूचं आणि पानांचं इरलं, त्याच्या आत घोंगडं. तोरणा-राजगडाच्या अंगाला जो पाऊस कोसळतो त्यात नाजूक जाळीच्या विणकामाचं काय काम?

जाळी मात्र आपल्याला नवी नव्हती. दुधाचं भांडं टांगायचं शिंकं, बैलाच्या तोंडाचं मुसकं, नीरेवरच्या भोई लोकांचं मासे धरायचं जाळं, हे सगळं हातानंच केलेलं. पण त्यात गाठ असते. शिंक्याची एक दोरी तुटली तरी बाकीचं शिंकं जागेवर राहतं. क्रोशात गाठ नाही. एका फासातून दुसरा फास ओढायचा, दुसऱ्यातून तिसरा. शेवटचं टोक बांधलं नाही आणि कुणी पोरानं ओढलं, की आठ दिवसांचं काम बघता बघता दोरा होऊन पडतं. तोच त्याचा गुणही आहे. जुना स्वेटर उसवायचा, दोऱ्याच्या लडी करायच्या, चहाच्या किटलीच्या वाफेवर धरायच्या, वाकडा झालेला दोरा सरळ होतो, आणि त्याच लोकरीतनं धाकट्याचा नवा स्वेटर. थोरल्याचा स्वेटर धाकट्याला, धाकट्याचा उसवून बाळाला टोपी आणि मोजे. आपल्यासारख्यांच्या घरात हे विणकाम टिकलं त्याचं अर्ध कारण हे असावं असं आम्हाला वाटतं.

आता जरा लांब जाऊ. दोन सुयांचं विणकाम जगात फार जुनं. मिसर देशात सापडलेले सुती विणलेले मोजे जवळपास हजार वर्षांपूर्वीचे आहेत. तिथून ते युरोपात गेलं. आणि गंमत बघा, युरोपातल्या मोठ्या शहरांत हा धंदा पुरुषांचा होता. त्यांचे संघ होते. पोरगा उमेदवारीला बसायचा, सहा-सहा वर्षं शिकायचा, परीक्षेला गालिचा, टोपी, मोजे विणून दाखवायचा, मग उस्ताद व्हायचा. त्यांच्या कामाला मजुरी ठरलेली होती, कुणी छंद म्हणत नव्हतं. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या माणसानं मोजे विणायचं यंत्र केलं, आणि पुढं यंत्रं वाढत गेली तसा तो धंदा पुरुषांच्या हातातून कारखान्यात गेला. हाताचं विणकाम उरलं ते घरात बसणाऱ्या बायांकडं. पैसा गेल्यावर त्याचा ‘छंद’ झाला. आपल्याकडं मळणी, दळण, कापड, कितीतरी गोष्टींचं असंच झालेलं आहे, ते तुम्ही ओळखालच.

क्रोशा त्या मानानं लहान बहीण. आज आपण करतो तसा एका आकड्याच्या सुईचा क्रोशा युरोपात पसरला तो दीड-दोनशे वर्षांपूर्वी. नावसुद्धा फ्रेंच भाषेतलं, त्याचा अर्थ छोटा आकडा. आणि तो पसरला तो दुष्काळामुळं. आयर्लंड देशात १८४५ पासून लागोपाठ काही वर्षं बटाट्याचं पीक सडलं. तिथल्या गरिबांचं सगळं पोट बटाट्यावर. सुमारे दहा लाख माणसं गेली, तितकीच देश सोडून गेली. त्या वेळी तिथल्या मठातल्या जोगिणींनी आणि काही धर्मगुरूंच्या बायकांनी गावोगावच्या मुलीबाळींना क्रोशाची झालर करायला शिकवली. एक सुई आणि एक दोऱ्याचं रीळ, एवढंच भांडवल. चुलीजवळ बसून करता येतं, मध्येच ठेवून लेकराला घेता येतं. ती झालर लंडन-पॅरिसच्या श्रीमंत बायांच्या पोशाखाला लागली आणि घराघरात दाणे आले. दुष्काळात तगायला शिकवलेली ही विद्या.

आपल्या मुलखात ती आली तीही इंग्रज, स्कॉटिश, अमेरिकन मिशनच्या बायांच्या हातून. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत उतरली, पुढं अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. १८२९ साली मार्गारेट विल्सन मुंबईत आली, तिनंही मुलींच्या शाळा काढल्या. या शाळांत अक्षरओळखीबरोबर सुईकाम असायचंच. तेव्हा लोक मुलींना शाळेत पाठवायला तयार नव्हते. मुलगी काहीतरी हाताचं काम शिकून येते म्हटलं की घरच्यांचा विरोध थोडा मऊ व्हायचा. म्हणजे बघा, आधी सुई आत गेली आणि तिच्या मागून पुस्तक.

पुढं आपल्याच माणसांनी ते उचललं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, दुसऱ्या वर्षी ते पुण्याला आणलं. मग आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मरणाऱ्या, टाकून दिलेल्या मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात आणखी आल्या. त्या शेकडो मुलींना तिथं शेती, गाई-गुरं, छापखाना, विणणं, शिवण, भरतकाम असं काय काय शिकवलं. आयर्लंडमध्ये जे झालं तेच पुन्हा इथं. दुष्काळ, निराधार मुली, आणि हातात सुई.

१८९६ ला अण्णासाहेब कर्व्यांनी विधवा बायांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याला गेला. आणि १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन सुरू केलं. सेवासदनाची आम्हाला आवडणारी गोष्ट अशी, की तिथले वर्ग दुपारी भरायचे. लग्न झालेल्या बाया सकाळचा स्वयंपाक उरकून यायच्या, शिवण-विणकाम, लिहिणं-वाचणं शिकायच्या आणि संध्याकाळच्या चुलीच्या वेळेला घरी. आज आपल्या गटाची बैठक आपण दुपारी का ठेवतो? तेच कारण. शंभर वर्षांत बायांच्या दुपारी काही बदललेल्या नाहीत.

हे सगळं झालं पुण्या-मुंबईत, आणि तेही जास्त करून पांढरपेशा घरांत. १९३० साली किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक काढलं. अशा मासिकांतून विणकामाचे नमुने छापून यायचे. इतके टाके घाला, दोन सुलट, दोन उलट, एक जोडी. क्रोशाची भाषा त्याहून गोड. साखळी, खांब, मुका खांब. कुणी केली ही मराठी, तिचं नाव कुठं नोंदलेलं नाही, पण बाई हुशार असली पाहिजे. लांब उभा टाका म्हणजे खांब, आणि बुटका, जो दिसूनही न दिसल्यासारखा असतो तो मुका खांब. घरात असा एकेक मुका खांब असतोच.

आपल्या खोऱ्यात मात्र छापील नमुने वाचून कुणी शिकलं नाही. भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान, १९४८ ला ते विलीन झालं. भोर गावात थोडं शिक्षण, आजूबाजूच्या मावळात त्याहून कमी. नमुना यायचा तो कापडावर. कुणाची लेक पुण्याला दिलेली असायची, ती माहेरपणाला येताना रुमाल घेऊन यायची. कुणाची वन्सं मुंबईत, तिचे यजमान गिरणीत. ती दिवाळीला आली की येताना लोकरीच्या लडी आणायची. मग आपल्या बाया तो रुमाल उजेडाकडे धरायच्या, भोकं मोजायच्या, एका फुलात किती खांब ते बोटावर धरायच्या, आणि घरी जाऊन करून बघायच्या. याला ‘नमुना उचलणं’ म्हणतात. अक्षर न येणाऱ्या बाईनं वीस ओळींचा हिशेब डोक्यात ठेवून, एक टाका न चुकवता, मोराचा पिसारा उतरवायचा. सहा पाकळ्यांचं फूल आठ पाकळ्यांचं करायचं तर प्रत्येक फेरीला किती खांब वाढवायचे, हे तिला कोण सांगत होतं? हे गणितच आहे. शाळेच्या दाखल्यावर ते कधी आलं नाही एवढंच.

सरकारनंही हातभार लावला. १९५२ साली २ ऑक्टोबरला समूह विकास योजना सुरू झाली, तालुक्याला गट विकास अधिकारी आले, गावात ग्रामसेविका यायला लागल्या. महिला मंडळ, बालवाडी, शिवणवर्ग हे शब्द तेव्हापासून गावात रुळले. ग्रामसेविका बाळंतपण, स्वच्छता, परसबाग सांगायची, पण बाया जमायच्या त्या बहुतेक शिवण-विणकामाला. मिशनच्या शाळेत जे झालं तेच इथं झालं, आधी सुई आणि मागून बाकीचं.

१९६२ सालची गोष्ट आपल्या आज्ज्यांनी सांगितलेली तुम्ही ऐकली असेल. ऑक्टोबरात चीननं हिमालयात चढाई केली. आपले जवान इतक्या उंचावर, बर्फात, आणि त्यांच्या अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत ही बातमी देशभर गेली. त्याच नोव्हेंबरात आपले यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. त्या थंडीत शाळा-शाळांत, महिला मंडळांत बायका-मुली जवानांसाठी स्वेटर, मफलर, हातमोजे विणत होत्या. कुणी अंगावरचा दागिना दिला, ज्यांच्याकडे दागिना नव्हता त्यांनी हात दिला. जगात हे आधीही झालं होतं. पहिल्या महायुद्धात विलायतेत आणि मुंबई-पुण्यातसुद्धा सैनिकांसाठी विणकाम चाललं होतं, आणि आपल्या मावळातली पोरं त्या पलटणीत होतीच. आमच्या मते १९६२ नं एक गोष्ट केली. विणणारी बाई घरच्यांच्या नजरेत ‘रिकामी बसलेली’ राहिली नाही. निदान त्या एका हिवाळ्यापुरती.

मग आली नवी लोकर. आपण तिला लोकर म्हणतो खरं, पण दुकानात जी स्वस्त, चकचकीत, गुलाबी-पोपटी लोकर मिळते ती मेंढीची नसते. ती ॲक्रिलिक. १९५० च्या सुमारास अमेरिकेत ती बाजारात आली, पुढं आपल्याकडं कॅशमिलॉन म्हणून घरोघर माहीत झाली. लुधियानाच्या ओसवाल, वर्धमान यांचे गुंडे तालुक्याच्या दुकानात टांगलेले दिसायला लागले. मेंढीच्या लोकरीला कसर लागते, हिला लागत नाही. धुतली तर आटत नाही, रंग जात नाही, पैसे कमी. तोरणांची खरी भरभराट झाली ती या लोकरीमुळं. आंब्याच्या पानांचं तोरण दसऱ्याला लावलं की चार दिवसांत वाळतं. हे दहा वर्षं राहतं. त्यात पोपट आले, कलश आला, स्वस्तिक आला, खाली मणी आणि घुंगरू. एक सूचना मात्र मध्येच करून ठेवतो: ही लोकर म्हणजे प्लॅस्टिकचीच बहीण. आगीजवळ ती जळते आणि वितळून अंगाला चिकटते. देव्हाऱ्यात समईच्या वर, चुलीच्या वर हे तोरण लावू नका, आणि शेकोटीजवळ बसणाऱ्या लेकराला शक्यतो खऱ्या लोकरीचं किंवा सुती घाला.

त्याच सुमाराला घरात नव्या वस्तू आल्या. पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ साली २ ऑक्टोबरला सुरू झालं. १९५६ साली याच केंद्रानं पुण्यासह पाच जिल्ह्यांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं काढून बघितली, जवळपास दीडशे गावांत. लोक संध्याकाळी एका रेडिओभोवती बसून ऐकायचे आणि ऐकलेल्यावर चर्चा करायचे. आपण आज गटात बसून हे भाषण ऐकतो आणि मग बोलतो, त्याची ही थोरली बहीण. हळूहळू घराघरात ट्रान्झिस्टर आला आणि त्याच्यावर लगेच क्रोशाचा रुमाल चढला. मग टीव्ही आला, त्याच्यावर मोठा रुमाल. पाण्याच्या हंड्यावर, आरशावर, देव्हाऱ्यावर, सायकलच्या सीटवर. शहरातले लोक याला हसतात. हसू द्या. महाग वस्तू धुळीपासून जपायची असते, आणि घरात आलेली प्रत्येक नवी वस्तू पुरुषाच्या पैशानं आलेली असली तरी तिच्यावर बाईची खूण त्या रुमालानं पडायची.

आता रुखवताकडे येऊ, कारण आपल्या भागात या कामाची खरी परीक्षा तिथं होते. रुखवत म्हणजे मुळात खाणं. लग्नाच्या आधी मुलीकडचे लोक नवऱ्या मुलाला फराळ न्यायचे, त्याला रुखवत म्हणायचे. लाडू, करंज्या, साखरेच्या वस्तू. पुढं त्यात मुलीच्या हातच्या कलाकुसरीची मांडणी आली, आणि मांडवात एक टेबलच त्याचं झालं. तोरण, रुमाल, मण्यांचं तुळशी वृंदावन, लोकरीचा कुत्रा, टिकल्यांचा गणपती, बाळंतविड्यासाठी आधीच करून ठेवलेलं टोपडं आणि मोजे. वरपक्षाच्या बाया येऊन बघायच्या, उलटून बघायच्या. मागची बाजू स्वच्छ आहे का, दोऱ्याची टोकं नीट लपवलीत का. टेबलावर तोरण, पण परीक्षा मुलीची.

यावर आमच्या गटात दोन मतं आहेत आणि ती आम्ही इथं तशीच मांडतो. काही जणी म्हणतात, रुखवत बंदच करावं. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी रुखवताच्या नावाखाली भांडी, फ्रीज, कपाट मांडवात मांडलं जातंच, आणि त्या सगळ्याला झाकायला हे तोरण पुढं. शिवाय मुलीनं सासरच्यांपुढं गुण का सिद्ध करायचे? मुलाकडचं रुखवत कुठं असतं? दुसऱ्या जणी म्हणतात, अगं, पण ते टेबल ही एकच जागा होती जिथं आपल्या हातचं काम चार गावांच्या माणसांनी बघितलं. आईनं, आत्यानं, थोरल्या बहिणीनं, मैत्रिणींनी रात्री-रात्री बसून केलेलं. लग्न लागलं की नाव बदलायचं, गाव बदलायचं. ते तोरण मात्र सासरच्या दारावर माहेरचं म्हणून लागायचं. सासूबाईंनी चार शब्द ऐकवले की त्या तोरणाकडे बघून पदर डोळ्यांना लावलेल्या बाया आमच्यात आहेत. भांडी-फ्रीजची मांडणी नको, याबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही. आणि आता पुण्यात तयार रुखवत विकत मिळतं, भाड्यानंसुद्धा मिळतं. टेबल भरतं, फोटो निघतात. त्यात मुलीचा हात नाही की आत्याचा. ते आम्हाला कुणालाच पटत नाही.

खरा प्रश्न पैशाचा आहे. बचत गट आले आणि तोरण घरातून बाजारात गेलं. १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ निघालं, १९९२ साली नाबार्डनं गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, पुढं ‘उमेद’ आलं. गट काढला की पहिला प्रश्न, उद्योग काय करायचा? पापड, लोणचं, मसाला, आणि विणकाम. विणकाम सोपं वाटतं, कारण ते येतच असतं.

यात एक फसगत आहे आणि ती फार जुनी आहे. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी नरसापूर नावाचं गाव आहे. तिथं १८४४ च्या सुमारास मिशनच्या एका जोडप्यानं क्रोशाची झालर शिकवली. ती पुढं परदेशात जायला लागली, हजारो बाया घरात बसून ती करायला लागल्या. १९७८-७९ साली मारिया मीस नावाच्या जर्मन बाईंनी तिथं राहून अभ्यास केला, १९८२ ला त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी बायांचा दिवस मोजला. सहा ते आठ तास झालर, वर घरकाम. आणि कमाई दिवसाला एक रुपयासुद्धा नाही. का? कारण सगळे म्हणत होते, या गृहिणी आहेत, फावल्या वेळात बसल्या बसल्या करतात. व्यापारी म्हणत होते, घरचे पुरुष म्हणत होते, आणि बायाही तेच म्हणत होत्या. ‘फावला वेळ’ या एका शब्दावर परदेशी व्यापार उभा होता. झालर पाठवणारे मोठे झाले, करणारीचे डोळे गेले. २०२४ साली त्या नरसापूरच्या झालरीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आपल्याकडं आंबेमोहोराला मिळालंय तसं. चांगलं झालं. पण त्याला लागली पावणेदोनशे वर्षं.

आपल्याकडंही हे झालेलं आहे. शहरातला एक व्यापारी काही वर्षांपूर्वी आमच्याकडं यायचा. लोकर तो द्यायचा, एका तोरणाचे साठ रुपये. आम्ही खूश, घरबसल्या पैसे. एकदा एका बहिणीला तेच तोरण शहरातल्या दुकानात साडेचारशेला लटकलेलं दिसलं. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘ताई, तुम्हाला काय, टीव्ही बघत बघत करता.’

मग आम्ही गटात हिशेब मांडला, तो तुम्हीही मांडून बघा. समजा तीन फुटी तोरणाला १२० रुपयांची लोकर, मणी, घुंगरू लागले. वेळ लागला १२ तास. आता हे तास कुणी धरतच नाही, कारण ते सलग नसतात. अर्धा तास दुपारी, पाऊण तास रात्री. पण तास तो तास. हे तोरण २५० ला विकलं तर हातात राहिले १३०, म्हणजे तासाला अकरा रुपयेसुद्धा नाहीत. रोजगार हमीवर २०२४-२५ साली महाराष्ट्रात दिवसाचे २९७ रुपये होते. आठ तासांनी भागलं तर तासाला ३७. खोदकामाचा तासाला ३७ आणि डोळे घालून केलेल्या कलाकुसरीचा अकरा! रोजगार हमीचा दर धरला तरी बारा तासांचे सुमारे ४४५ होतात, लोकर मिळवली की ५६५. याच्या खाली विकलं तर आपण आपलं घालून विकतोय.

गिऱ्हाईक म्हणेल, मशीनचं तोरण दीडशेत मिळतं. इथं एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. दोन सुयांचं विणकाम यंत्र करतं, चारशे वर्षांपासून करतंय. क्रोशा मात्र अजून कुठल्या कारखान्यातल्या यंत्राला जमलेला नाही. यंत्रावर क्रोशासारखी दिसणारी जाळी निघते, पण खरा खांब, खरी साखळी ही माणसाच्या हातातूनच. दुकानात खरा क्रोशा दिसला तर तो कुठंतरी, कुणीतरी बाईनं बसून केलेला आहे, आणि तो फार स्वस्त असेल तर तिला फार कमी दिलेले आहेत. गिऱ्हाइकाला हे सांगायचं. जत्रेत, सरसच्या प्रदर्शनात सांगून बघितलंय आम्ही. सगळे नाही ऐकत, पण काही ऐकतात, आणि ऐकणारी बहुतेक अशी असते जिची आई विणायची.

म्हणून सगळंच विकायला काढा असंही आमचं म्हणणं नाही. भाचीच्या बाळंतविड्याचं टोपडं, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण म्हणून केलेला लोकरीचा बटवा, त्याचा तास कुणी मोजू नये. तो आपला आनंद आहे. २०१६ साली चेन्नईला देशभरातल्या बायांनी विणलेले तुकडे जोडून अकरा हजार चौरस मीटरहून मोठी क्रोशाची चादर केली, जगातला विक्रम झाला. कुणालाही त्याचा पैसा मिळाला नाही, आणि कुणी मागितलाही नाही. पण ते त्यांनी स्वतः ठरवलेलं होतं. आपण फुकट देतो तेव्हा आपण ठरवून द्यावं, दुसऱ्यानं फावल्या वेळाच्या नावाखाली काढून घेऊ नये, एवढाच फरक आहे.

नव्या पोरी मोबाईलवर बघून शिकताहेत. केसांचे रबर, कानातले झुमके, किल्लीला लावायची छोटी बाहुली, जपानी पद्धतीचे गोल-गोल प्राणी. आज्जी भोकं मोजून नमुना उचलायची, नात व्हिडिओ थांबवून थांबवून उचलते. परवा आमच्या एका बैठकीत कॉलेजातल्या पोरीनं केलेला लोकरीचा खेकडा सगळ्यांच्या हातून फिरला. आपल्या चिखलणीतलाच दिसत होता, नांग्यांसकट.

आता एक काम. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला जुन्यात जुना विणलेला किंवा क्रोशाचा तुकडा घेऊन यायचा. फाटका असला तरी चालेल, डब्याच्या तळाशी असेल, धान्याच्या कणगीवर असेल. त्याच्या मागं पांढऱ्या फडक्याची पट्टी टाकायची आणि तिच्यावर करणारीचं नाव, तिचं माहेर, सासर आणि आठवत असेल तर साल लिहायचं. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून देऊ. ज्या बाईच्या तुकड्याचा नमुना कुणालाच उचलता येणार नाही, तिच्या घरच्यांनी तो आठ दिवस आमच्याकडं ठेवावा. भोकं मोजायला आमच्यात दोघी-तिघी पटाईत आहेत.